विजयदुर्गची आग आणि खडकीचे मैदान

खडकीची लढाई आपण नेहमी जमिनीवरूनच सांगतो. जरीपटका घेऊन पडलेले मोरो दीक्षित, घोडदळाची दौड अडवणारी दलदल, बापू गोखल्यांची शर्थ, पर्वतीवरून पाहणारा दुसरा बाजीराव. ५ नोव्हेंबर १८१७ची ती दुपार पुण्याला पाठ आहे. मला मात्र तिच्या आधीचा आठवडा जास्त बोलका वाटतो. ३० ऑक्टोबरला मुंबईची गोरी पलटण पुण्यात पोचली आणि १ नोव्हेंबरला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने गारपिरावरची छावणी उठवून खडकीला नेली. मुंबई बेटावरची पलटण अशी निर्धास्त घाटावर पाठवता आली, कारण समुद्राकडून त्या बेटाला मराठ्यांचे भय उरले नव्हते. ते भय ६१ वर्षांपूर्वी विजयदुर्गच्या खाडीत जळून गेले होते, आणि ते जाळायला इंग्रजांना सोबत घेतले होते पेशव्यांनीच.

त्या वेळी विजयदुर्गी मराठी आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे होता. त्याच्या गुराबांना दोन-तीन डोलकाठ्या असत आणि निमुळत्या नाळेवरून तोफा थेट समोर रोखलेल्या असत. गलबते हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत; मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना, त्यामुळे पिछाडी उघडी पडे. म्हणून व्यापारी जहाजे लढाऊ जहाजांच्या सोबतीने, तांडा करून जात. तेवढ्यानेही भागत नसे. १७५४ साली डचांची तीन जहाजे तुळाजीच्या आरमाराला सापडली. दोन जळून गेली, तिसरे हाती लागले. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज त्याने १७४९मध्येच पकडले होते.

तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हता. पेशवे नानासाहेबांचा राग अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. पण मार्च १७५५मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला, तिथे हिशेब चुकला. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजीचा सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी ७ फेब्रुवारीला अॅडमिरल वॉटसनचे आरमार मुंबईहून निघाले. त्यात केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्सबरी ही राजाची जहाजे होती, कंपनीची वेगळी. रॉबर्ट क्लाइव्ह सैन्यासह बरोबर होता. लुटीची वाटणी निघण्यापूर्वीच ठरली होती आणि तीत मराठ्यांचा वाटा नव्हता.

१२ फेब्रुवारीला दुपारी तोफा सुरू झाल्या. तुळाजीची जहाजे किल्ल्याच्या तोफांच्या आसऱ्याला, एकमेकांना बांधून उभी होती. किनाऱ्याकडून हल्ला असता तर ही रचना शहाणपणाची होती. पण इंग्रजांकडे उखळी तोफांची जहाजे होती आणि त्यांचे गोळे वरून कोसळत. चारनंतर एक गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज ‘रेस्टोरेशन’ होते. इंग्रजांचेच जहाज इंग्रजांच्याच गोळ्याने पेटले आणि त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली. कोरडे सागवान, सुंभाचे दोर, गुंडाळलेली शिडे, पोटात दारू. दोर तोडून जहाजे वेगळी करण्याइतका अवधीच मिळाला नाही. तुळाजीचे वडील कान्होजी यांच्या काळापासून दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार त्या एका संध्याकाळी राख होऊन खाडीत बुडाले. मराठी इतिहासात या संध्याकाळीला पानिपताच्या शेजारी जागा मिळायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

पेशव्यांची फौज रामाजी महादेवाच्या हाताखाली जमिनीकडून आली होती. क्लाइव्हने अंधारात आपली माणसे उतरवली ती तिच्या आणि किल्ल्याच्या मधोमध. १३ तारखेला किल्ला पडला तेव्हा निशाण इंग्रजांचे चढले आणि सुमारे दहा लाखांची लूटही त्यांनीच वाटून घेतली. तुळाजी मराठ्यांच्या स्वाधीन झाला. उरलेले आयुष्य त्याने कैदेत काढले. किल्ला परत मिळवायला पेशव्यांना १२ ऑक्टोबर १७५६चा तह करून बाणकोट द्यावे लागले. केंट, टायगर आणि सॉल्सबरी तोवर बंगालकडे वळण्याच्या तयारीत होती. मार्च १७५७मध्ये चंद्रनगरवर त्यांच्याच तोफा चालल्या आणि जूनमध्ये प्लासी झाली.

पेशव्यांनी विजयदुर्गी पुन्हा आरमार बांधले. त्याचे सरदार आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी कंपनीचे ‘रेंजर’ झुंजून पकडले. त्यावर जखमी झालेला कर्नल हंबरस्टन विजयदुर्गीच मेला. धुळपांचे शौर्य खरेच, पण मुंबई बंदराची वाट अडवून धरील असा पल्ला त्या आरमाराला पुन्हा आला नाही. खडकीनंतर, १८१८मध्ये धुळपांनी विजयदुर्ग इंग्रजांच्या हवाली केला.