मायक्रॉनची किंमत

भोसरीच्या किंवा कोल्हापुरातल्या शिरोलीच्या शेडमध्ये मुरलेला टर्नर जॉबवर आणखी एक बारीक कट घेतो, तेव्हा त्याच्या कसबाबद्दल आदरच वाटतो. पण तो कट ग्राहकाने मागितलेला नसेल, तर त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

समजा, ड्रॉइंगवर २५ मिमीचे भोक ‘एच७’ मापात मागितले आहे. म्हणजे ते २५.००० ते २५.०२१ मिमीच्या दरम्यान हवे. त्यात पिन नेमकी बसायची असते, म्हणून इथे रीमर, प्लग गेज आणि संयम, सगळेच लागते. त्याच जॉबची ८० मिमी लांबी मात्र नुसतीच लिहिलेली असते. ड्रॉइंगवर ‘आयएसओ २७६८’चा मध्यम वर्ग नोंदवला असेल, तर तिला दोन्हीकडे ०.३ मिमीची सूट आहे. तिथे मायक्रॉन मोजत बसणे म्हणजे फुकटची मजुरी.

टॉलरन्स आवळला की खर्च एकदम उडी घेतो. टर्निंगवर ग्राइंडिंग चढते, तपासणी आणि रिजेक्शन वाढते. त्यात उष्णता. १०० मिमीचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला, तर साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतो. मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. वैशाखात पत्र्याखाली गरम जॉब मोजून काय हाती लागणार?

कोटेशन देण्याआधीच कडक मापे रंगवून घ्यावीत आणि शंका येईल तिथे डिझायनरला विचारावे. कित्येकदा ती केवळ सवयीने लिहिलेली असतात. धारदार कडा मोडण्यात मात्र कधीच काटकसर नको. तिथे जोडणी करणाऱ्याचा हात कापतो.