नाव बेंगळुरूचे, निवड हेगची

न्यायाधीशांच्या आचरणाची जगन्मान्य तत्त्वे बेंगळुरूच्या नावाने ओळखली जातात. फेब्रुवारी २००१ मध्ये या शहरात त्यांचा मसुदा ठरला. नोव्हेंबर २००२ मध्ये हेगला त्यास अंतिम रूप मिळाले. त्याच हेगमधील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात मात्र भारतीयाला न्यायाधीश होता येत नाही. उमेदवार सदस्यराष्ट्राचाच नागरिक असावा लागतो आणि रोमच्या १९९८ मधील मतदानात तटस्थ राहिलेला भारत सदस्य झालेलाच नाही. टोकियो खटल्यातील राधाबिनोद पाल यांचे भिन्नमत अभिमानाने सांगणाऱ्या देशाची ही स्थिती!

तेथे १८ न्यायाधीश, मुदत नऊ वर्षांची. दर तीन वर्षांनी सहा जागांसाठी गुप्त मतदान होते. दोनतृतीयांश मते लागतात. नियम चोख आहेत, पण नाव पाठवणारी सरकारेच आणि मत देणारीही सरकारेच. त्यामुळे ‘तुम्ही आम्हाला, आम्ही तुम्हाला’ असा व्यवहार चालतो, ही तक्रार जुनी आहे. सल्लागार समिती उमेदवारांची पारख करते; तिचा अभिप्राय बंधनकारक नसतो. बेंगळुरूची तत्त्वे न्यायासनावरील व्यक्तीसाठी आहेत, तिला तेथवर पोचवणाऱ्या मुत्सद्द्यांसाठी नाहीत.

सुरक्षा परिषदेला दिलेल्या अधिकारांवर दिल्लीचा आक्षेप होता. तो गैर नव्हता. परंतु या निवडीत भारताला मतच नाही.