कंपायलरचं विरजण

रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमीत किंवा गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकमध्ये सी शिकणारी मुलगी लॅपटॉपवर कोडब्लॉक्स टाकते, 'रन'चं बटण दाबते आणि काळ्या खिडकीत उत्तर उमटतं. तिच्या आधीच्या पिढीने हेच टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर केलं. तिथे ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ यायचं आणि सगळा वर्ग चक्रावून जायचा. आता तोच साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंत बिनतक्रार जातो.

कोडब्लॉक्सच्या पोटात बसलेला, सीचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा हा कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये युनिक्ससाठी बाहेर काढला. विंडोजवर तो आणला कोणी? मायक्रोसॉफ्टने नाही. वेगवेगळ्या देशांत बसलेल्या, बहुतेक एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी, त्यांतले बरेच हौशी.

मुळात हे काम चमत्कारिक आहे. जीसीसी स्वतःच एक प्रोग्राम आहे आणि तो त्या काळी सीमध्येच लिहिलेला होता. म्हणजे तो तयार करायला आधी सीचा कंपायलर हवा. दही लावायला दहीच लागतं, तसं. नव्या घरात विरजण नसेल तर शेजारून वाटीभर आणायचं. म्हणून युनिक्सच्या मशीनवर बसून असा कंपायलर बनवायचा, जो पुढे विंडोजवर चालेल. कुठे बनवला, कुठे चालणार आणि कोणासाठी भाषांतर करणार, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. तिन्हींची उत्तरंही वेगळी असली तर त्या प्रकाराला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. का, तर नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते! संगणकवाल्यांचा विनोद असाच असतो.

पण खरी कमाल पुढे आहे. जुन्या कंपायलरने नवा कंपायलर तयार करायचा. त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा तयार करायचं. आणि त्या दुसऱ्याने पुन्हा एकदा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत निघालेल्या फाइली शेजारी ठेवून ताडायच्या. एका बाइटचाही फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरतंय, काम नापास. मला वाटतं, परक्या माणसांचं सहकार्य जुळलं त्यात या ताळ्याचा मोठा वाटा आहे. समोरचा प्राध्यापक आहे की कॉलेजचा पोरगा, याची चौकशी करायची गरज पडत नाही. त्याने केलेला बदल घाला, तीन फेऱ्या चालवा, निकाल मशीन देतं.

तरी माणसांची मोट बांधणं सोपं नव्हतंच. विंडोजच्या आधीच्या डॉसची गोष्ट घ्या. एका सभेत डी. जे. डेलोरी यांनी स्टॉलमनना विचारलं, जीसीसी डॉसवर नेता येईल का? उत्तर आलं की नाही, जीसीसी फार मोठा आणि डॉस पडली सोळा बिटांची. डॉसच्या प्रोग्रामांना ६४० केबीचं कुंपण होतं. डेलोरींनी ३८६ प्रोसेसरची बत्तीस बिटांची ताकद वापरून ते ओलांडलं आणि १९८९ मध्ये डीजेजीपीपी या डॉसवरच्या जीसीसीचं काम सुरू केलं. पुढे गाजलेला 'क्वेक' हा खेळ डॉससाठी याच कंपायलरवर घडला.

विंडोजवर तर एकाच वेळी निराळ्या वाटा निघाल्या. सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी १९९५ मध्ये सिगविनची सुरुवात केली. त्यात युनिक्सचं सोंग घेणारा एक थर मध्ये बसवलेला असे. कॉलिन पीटर्स यांना तो थर नको होता, त्यांनी १९९८ मध्ये मिंगडब्ल्यू काढलं. यान-याप फान डर हेयडन, मुमित खान यांनी ते पुढे नेलं. प्रत्येकाकडे आपापली ठिगळं. मूळ जीसीसीची नवी आवृत्ती आली की ठिगळं उसवायची आणि पुन्हा शिवत बसायचं.

या गोंधळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अगदी रटाळ आहे. विंडोजशी बोलायला हेडर फाइली लागतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या फाइली उचलून वाटता येत नाहीत. अँडर्स नॉरलँडर यांनी त्या स्वतंत्रपणे लिहून काढायला घेतल्या. हजारो नावं आणि आकडे, नुसती हमाली. पण तो संच सिगविन आणि मिंगडब्ल्यू, दोघांनीही वापरला. वाद थराचा होता, फाइलींचा नव्हता.

खुद्द जीसीसीतही तेव्हा कुरबूर होती. बाहेरचे बदल आत घ्यायला फार वेळ लागे. १९९७ मध्ये काही जणांनी ईजीसीएस नावाची वेगळी चूल मांडली आणि विखुरलेली कामं तिथे गोळा केली. एप्रिल १९९९ मध्ये स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या फुटीर चुलीलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे फुटलेली मंडळं अशी पुन्हा एक होत नाहीत.

चौसष्ट बिटांसाठी २००७ मध्ये मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा पुन्हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या चौसष्ट बिटांच्या कंपायलरला त्याची आवृत्ती विचारली, तर तो लक्ष्य म्हणून 'एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२' असं नाव सांगतो. मशीन चौसष्टचं, शेपटी बत्तीसची! असंख्य प्रोग्राम बांधणीच्या वेळी ती शेपटी बघून विंडोज ओळखतात, म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

आणि यात आपलं काय? पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं. जीसीसीचं अवाढव्य अंतरंग उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा त्यांनी घेतल्या. त्याच्याही आधीचा धागा आहे. एकच आकडेमोड प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा होऊ नये, हे पाहणारी जीसीसीची एक फाइल आहे, 'जीसीएसई.सीसी' (पूर्वीचं नाव 'जीसीएसई.सी'). तिच्या सुरुवातीला, ती लिहिताना चाळलेल्या संदर्भांची यादी आहे. तिच्यात आयआयटी मुंबईच्या डी. एम. धामधेरे यांचे १९८८ आणि १९९१ चे दोन निबंध आहेत. 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग'च्या पुस्तकामुळे इंजिनीअरिंगची मुलं ओळखतात, तेच हे धामधेरे. जीसीसीचा मूळ मजकूर कोणालाही फुकट वाचता येतो. घरात सी शिकणारं कोणी असेल, तर ती फाइल त्याला एकदा उघडायला सांगा.