चौसाळ्यातले युक्रेन
२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. धुळे–सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या बाजारगावात ते युद्ध दोन वाटांनी पोचले : टीव्ही आणि तेलाचा डबा. त्याआधी भारतात आयात होणारे निम्म्याहून अधिक सूर्यफूल तेल युक्रेनचे असे, त्यामुळे दुकानातली भाववाढ खरीच होती. पडद्यावर मात्र अणुयुद्ध जणू रोज संध्याकाळी सुरू व्हायचे. (पाहणारे आपणच!) ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी सुटका मोहिमेतून युक्रेनमधले सुमारे २२,५०० भारतीय परतले, तरी मथळ्यांचा भडकपणा उतरला नाही. अखेर २३ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचनापत्र धाडले. युक्रेनविषयीच्या सनसनाटी मथळ्यांचे नमुने त्यात तारखांसह दिले होते. वाहिन्यांची नावे तेवढी नव्हती.