मामींची खिडकी

इंदूरहून निघताना माझ्या सामानात एक लांबट पुठ्ठ्याची नळी होती व तिने मला वाटेत फार छळले. आगगाडीत ती फळीवर मावेना. नागपूरच्या बसस्थानकावर एका पोलिसाने तिच्याकडे दोनदा निरखून पाहिले. पुढे सौंसरच्या बसमध्ये तर ती माझ्या व शेजारच्या गृहस्थांच्या गुडघ्यांमध्ये अशी अडकली की, बोरगावला उतरेपर्यंत आम्हा दोघांची उत्तम ओळख होऊन गेली. नळीत एक गुंडाळीचा पडदा होता. चांगला जाड, मागून पांढरा, उजेडाचा कवडसासुद्धा आत येऊ न देणारा. तो मी मामींसाठी घेतला होता.

बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे सौंसरच्या अलीकडचे गाव. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. पूर्वी जिल्हा छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. घरातली भाषा, संत्र्यांच्या बागा आणि पोळ्याचा थाट यांत मात्र कुणी वाटणी करू शकले नाही. गावाजवळ कारखान्यांची वसाहत झाली आहे. माझे आजोळ जुन्या वस्तीत, जिथल्या तिथेच आहे.

मामींचे वय त्र्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचा सारा दिवस खाटेवर जातो आणि ती खाट आहे पश्चिमेच्या खिडकीशी. उन्हाळ्यात तीन वाजल्यापासून ऊन आडवे होऊन थेट अंथरुणावर येते. खिडकीवर छज्जा आहे, पण छज्ज्याचा उपयोग डोक्यावरच्या सूर्याला. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याला तो काय अडवणार? मे महिन्यात एके दिवशी मामींना घेरी आली आणि तासभर शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी सांगितले, खाट हलवा, नाही तर खिडकी बंद ठेवा. मामींनी दोन्हींना नकार दिला. मामेभावाने मला फोनवर सांगितले, ‘‘तू येऊन समजाव. माझे ऐकत नाही.’’ समजावण्याऐवजी मी पडदा घेऊन गेलो. शहरात राहणाऱ्या भाच्याला दुसरे काय सुचणार!

पडदा लावावयाचा म्हणजे खिडकीच्या वर दोन भोके पाडावयाची, दहा मिनिटांचे काम. शेजाऱ्यांकडून विजेचे ड्रिल आणले, स्टुलावर चढलो आणि भोक पाडू लागलो. मोठा आवाज झाला, थोडा पांढरा चुना उडाला व त्यामागून काळाभोर दगड दिसू लागला. पाच मिनिटांनी पाहतो तो दगडाला चकाकी आली होती, भोक मात्र पडले नव्हते. ड्रिलचे टोक निळे पडले होते.

हा दगड काय आहे हे मला ठाऊक असावयास हवे होते. दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेलेला लाव्हारस थिजून झालेला. त्यात नुसते फिरणारे गिरमिट काही करू शकत नाही. त्याला फिरता फिरता मागून ठोके देणारे यंत्र लागते व टोकाला टंगस्टन कार्बाइडची पाचर लागते. ती तापू दिली तर तिचा जोड सुटतो. आणि हा मुलूखच मुळी कठीण दगडांसाठी विख्यात. इथल्या मँगनीज-खाणींभोवतीच्या अतिप्राचीन खडकांना भूशास्त्रज्ञ ‘सौंसर’ याच नावाने ओळखतात, आणि फर्मोर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १९०९ साली गार व गार्नेट यांच्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. आपल्या तालुक्याचे नाव जगाच्या खडकांच्या यादीत आहे हे स्टुलावर उभे राहून आठवले, पण त्याने भोक पडले नाही.

मग मी युक्ती केली. दगड सोडला आणि दोन दगडांमधल्या सांध्यात ड्रिल घातले. ते लोण्यात सुरी जावी तसे गेले. भुरुभुरु वाळू पडली. त्यात प्लास्टिकची गिट्टी अंगठ्याने दाबली तर ती आत गेली, आणि अंगठ्यानेच बाहेरही आली. शंभर वर्षांचा चुना कुठवर पकड धरणार? दगड भोक घेत नाही आणि सांधा खिळा धरत नाही, असा पेच झाला.

गिट्टी म्हटले म्हणजे आमच्याकडे खडीही समजतात आणि स्क्रूभोवतीची ही गुल्लीही. हिचा इतिहास मी त्या दुपारी मामींना सांगितला, कारण काम तर काही होत नव्हते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९११च्या सुमारास विजेची उपकरणे बसवावयाची होती आणि भिंती विद्रूप होता कामा नयेत अशी अट होती. जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने त्यासाठी तागाच्या धाग्यांची गुल्ली बनवली. स्क्रू आत गेला की ती फुगून भोकात घट्ट बसे. आपले मिस्त्री ‘रावळ प्लग’ म्हणतात ते त्याच रॉलिंग्जच्या नावावरून. पुढे १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन गृहस्थाने ती नायलॉनची केली. मामी लक्ष देऊन ऐकत होत्या. तागाचे धागे कशाने चिकटवीत, असे त्यांनी विचारले. मी सत्य सांगितले की, जनावराच्या रक्ताने. ‘‘शिव शिव!’’ मामी म्हणाल्या. ‘‘आणि ते तू माझ्या भिंतीत घालत होतास?’’ आताची गिट्टी प्लास्टिकची असते हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

संध्याकाळी मामेभावाने मिस्त्रींना आणले. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. त्यांनी माझी अडीच भोके पाहिली आणि हसू दाबले.

‘‘भाऊ, दगडाशी काऊन भांडून राहिले?’’

‘‘मग काय करावे, मिस्त्री?’’

‘‘टाकी लावतो म्हणाल तर दोन दिवस लागतील. भोक पाडू, आकडा ठेवू, शिसं ओतू. मग तो तुमच्या नातवालेही निघणार नाही.’’

दगडात लोखंड बसवावयाची ही आपल्याकडची जुनी रीत. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो; तीच विद्या. पण दोन दिवस टाकीचे घाव मामींच्या डोक्याशी घालणे मला प्रशस्त वाटेना. मिस्त्रींनाही नव्हते. ते बाहेरून खिडकीपाशी गेले व हातोडीच्या दांड्याने भिंत हलकेच ठोकीत चालले. टण, टण, टण, आणि चौकटीच्या कोपऱ्याबाहेर वीतभर अंतरावर एकदम, ठप. पुन्हा टण.

‘‘हे पाहा लाकूड.’’

जुन्या घरांत खिडकीची सागवानी चौकट भिंत उठतानाच बसवीत आणि तिच्या वरच्या आडव्या लाकडाची दोन्ही टोके दगडांत हातभर शिरवीत, म्हणजे चौकट कधी हलू नये. वरून चुना चढला की ती टोके दिसेनाशी होतात. मिस्त्रींनी खरवडले. एका टोकात गंजलेल्या आकड्याचा बुंधा निघाला. दुसऱ्या टोकात नुसते भोक होते.

मी धावत आत जाऊन मामींना सांगितले. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘‘असणारच. मामंजींनी वाळ्याच्या ताटीसाठी बसवले होते. मी नवी आले तेव्हा दुपारी तीनदा ताटीवर पाणी शिंपडावयाचे काम माझेच होते.’’

‘‘मामी, मग सकाळीच का नाही सांगितले?’’

‘‘मला कोणी विचारले?’’

यावर मामेभाऊ व मी एकमेकांकडे न पाहता उभे राहिलो.

माझ्या गुंडाळीच्या पडद्याबद्दल मिस्त्रींचे मत स्पष्ट होते. तो आतून लावला असता तर ऊन आधी खोलीत येणार, मग पडदा तापणार आणि तापलेला पडदा मामींच्या उशाशी लोंबणार. शिवाय वारा बंद. ऊन अडवावयाचे तर भिंतीच्या बाहेरच अडवावे. शिवाय मामींना रस्ता दिसणार नाही, हे त्यांनी माझ्या आधी ओळखले. डॉक्टरांना मामींनी जो नकार दिला होता तो उन्हाच्या हौसेने नव्हे. बागेतून कोण परतले, कुणाची सून माहेराहून आली, कुणाच्या दारी गाडी थांबली, एवढेच जग त्यांच्याकडे उरले आहे, आणि मी ते दोन स्क्रूंवर झाकावयास निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी बुरडाकडून बांबूच्या बारीक काड्यांचा चिक करून आणला, खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद. मिस्त्रींनी सागात आधी बारीक भोके पाडली, स्क्रूवर अंग धुण्याचा साबण घासला (जुना साग इतका चिवट की कोरडा स्क्रू मध्येच मोडतो) व आकडे पिळून बसवले. एका आकड्याला स्वतः लटकून पाहिले. कप्पीतून दोरी काढून तिचे टोक गजांमधून आत, मामींच्या हाताशी आणले. सगळे मिळून तास लागला. मजुरी विचारली तर म्हणाले, ‘‘आईचं काम आहे, काय द्याचं ते द्या.’’

चिकाचा गुण असा की, आत अंधार आणि बाहेर उजेड असेल तर आतल्या माणसाला सारे दिसते, बाहेरच्याला काहीच दिसत नाही. जुन्या वाड्यांतल्या बायकांना हे पुरते ठाऊक होते.

त्या दुपारी चार वाजता मी खाटेशी बसलो होतो. अंथरुणावर उन्हाच्या बारीक रेघा होत्या, त्यांत धग अशी नव्हती. मामी उशीला टेकून बाहेर पाहत होत्या. रस्त्याने एक मनुष्य सायकल हातात धरून चालला होता. मामींनी त्याला नावाने हाक मारली आणि काल तालुक्याला का गेला होतास, असे विचारले. तो थबकला. त्याने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, वर छपराकडेसुद्धा पाहिले. मामींनी दोरी घट्ट धरली होती आणि पदर तोंडाला लावला होता.