शिवोलीचे रेमो फर्नांडिस

मुंबईहून दक्षिणेस जाणारी आगगाडी पनवेल व पेण मागें टाकून रोह्यास पोंचते आणि तेथून कोकण रेल्वेच्या मार्गास लागते. हा मार्ग १९९८ सालीं पुरा झाला. तत्पूर्वीं गोव्यास जावयाचें तर पेणवरून मोटारीनें, समुद्रांतून आगबोटीनें, नाहीं तर लोंढ्याचा वळसा घेऊन जावें लागे. ह्या अंतराचा गाण्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या कंपन्या आणि हिंदी चित्रपटांचा सारा व्यवहार मुंबईस होता. गाण्यावर चरितार्थ चालवूं पाहणाऱ्या गोमंतकीयास गांव सोडून तेथें बिऱ्हाड करणें भाग पडे. पेण-रोह्याकडील चाकरमान्यांच्या घरांना हें वेगळें सांगावयास नकोच. रेमो फर्नांडिस ह्यांनीं मात्र तसें केलें नाहीं.

१९५३ सालीं जन्मलेले रेमो हे बारदेशांतील शिवोलीचे. गोवा मुक्त झाला, तेव्हां ते आठ वर्षांचे होते. पुढें त्यांनीं मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयांत वास्तुशास्त्राचें शिक्षण घेतलें. परंतु इमारतींचे आराखडे काढीत न बसतां १९७७ पासून सुमारें तीन वर्षें ते युरोप व उत्तर आफ्रिकेंत हिंडले, आणि तिकडील वाद्यवृंदांबरोबर गाइले. परत आले ते शिवोलीसच.

पार्श्वगायनांत शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, पडद्यावरचें तोंड तिसऱ्याचें. गायकाचा केवळ कंठ. रेमो ह्यांस हें सारें एकाच माणसाचें हवें होतें. १९८४ सालची ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत त्यांनीं राहत्या घरींच मुद्रित केली. ह्या कामीं जें यंत्र वापरीत, त्यांत एकाच फितीवर चार निरनिराळे पट्टे असतात. पहिल्या पट्ट्यावर ताल मुद्रित करावा. तो कानांनीं ऐकत दुसऱ्यावर गिटार वाजवावी. तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर गळा. अधिक वाद्यें हवीं असल्यास तीन पट्टे चौथ्यावर एकत्र उतरवून पहिले मोकळे करतां येतात; मात्र दर उतरवणीगणिक फितीची खरखर वाढते, आणि एकदां मिसळलेलें पुन्हां वेगळें करतां येत नाहीं. अशा रीतीनें एकटा मनुष्य वाद्यवृंद होऊं शकतो. फितीचें वेष्टनहि रेमो ह्यांनींच रेखाटलें, आणि स्कूटरवरून गोव्यांतील दुकानें गांठून माल स्वतः पोंचविला! कलावंतास हिशेब कळत नाहीं म्हणणाऱ्यांनीं ह्याची नोंद घ्यावी.

१९८५ मध्यें ‘ओल्ड गोअन गोल्ड’मधून त्यांनीं गोव्याच्या जुन्या गाण्यांस नवा साज चढविला. पुढें मोठ्या कंपनीनेंच त्यांची ‘पॅक दॅट स्मॅक’ ही इंग्रजी गीतांची फीत काढली. तिचें शीर्षकगीत मादक द्रव्यांविरुद्ध आहे. १९८६ सालीं पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्यासमोर रेमो ह्यांनीं त्यांनाच उद्देशून रचलेलें गीत गाइलें. वृत्तपत्रांतून टीका झाली. पंतप्रधानांनीं मात्र पत्र धाडून कार्यक्रम आवडल्याचें कळविलें.

चित्रपट त्यांच्याकडे आला, तो त्यांच्या ह्या स्वतंत्र गाण्याच्या ओढीनें. श्याम बेनेगल ह्यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) ह्या गोमंतकीय कुटुंबाच्या कथेंत ते गाइले व दिसलेहि. नंतर ‘जलवा’ (१९८७), आणि ए. आर. रहमान ह्यांच्या संगीतांतील ‘बॉम्बे’चें (१९९५) ‘हम्मा हम्मा’. ह्या शब्दाला अर्थ कांहींच नाहीं, तरी पोरासोरांच्या तोंडीं तो वर्षानुवर्षें राहिला. १९९८ सालीं जसपिंदर नरूला ह्यांच्यासमवेत ‘प्यार तो होना ही था’चें शीर्षकगीत झालें, आणि त्याच वर्षीं ‘ओ मेरी मुन्नी’ हा त्यांचा स्वतःचा हिंदी गीतसंग्रहहि निघाला.

२००७ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली, २०२१ मध्यें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. चित्रपटांतील गाण्यांनीं नांव देशभर नेलें हें खरें. परंतु ज्यांस खरे रेमो ऐकावयाचे आहेत, त्यांनीं १९८४-८५ च्या त्या दोन ध्वनिफिती आधीं मिळवाव्या.