प्रसववेदनांचे शमन : आपल्या हाती काय आहे, काय नाही

एकोडी परिसरात धानाची रोवणी सुरू झाली की कंबरदुखीसाठी येणाऱ्या स्त्रियांत नववा महिना लागलेली एखादी गर्भिणी असतेच. ‘डॉक्टरसाहेब, बाळंतपणात त्रास होऊ नये असं काही देऊन ठेवा,’ ही मागणी बहुधा सासू करते. गर्भिणी गप्प असते. वास्तविक तिलाच विचारावयास हवे.

आवींचा विचार आपल्या शास्त्राने बारकाईने केला आहे. प्रसूती लवकर व्हावी म्हणून स्त्रीला मुसळाने धान्य कांडावयास लावण्याची प्रथा चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात आत्रेयांनी स्पष्टपणे नाकारली आहे. त्याऐवजी चंक्रमण सांगितले आहे. कटी, पार्श्व, पृष्ठ व सक्थी यांना कोमट तेलाचा अभ्यंग, धीर देणाऱ्या अनुभवी स्त्रियांची सोबत आणि आवी नसताना प्रवाहण करू नये ही ताकीदही तेथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसूतीसंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही हिंडणे-फिरणे, मर्दन, उष्ण शेक आणि स्त्रीच्या पसंतीची सोबतीण यांना स्थान आहे. ‘जोर कर, जोर कर’ असा अकाली धोशा लावणाऱ्या मंडळींनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

मात्र ग्रंथात आहे म्हणून सर्वच घरी करावे असे नाही. लांगलीचे मराठी नावच कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. औषधी कायद्याच्या अनुसूची ई-1 मध्ये तिचा समावेश असल्याने तिचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. औषधालयाच्या मालकांनी ‘बाळंतपणासाठी’ म्हणून हा कंद कोणाच्याही हाती देऊ नये. गर्भोदक गेल्यानंतर पिचुधारणही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जंतुसंसर्गाची भीती असते.

खऱ्या अर्थाने वेदना थांबविणारा उपाय म्हणजे एपिड्युरल. पाठीच्या कण्यातील मज्जावरणाबाहेरील जागेत बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध दिले जाते. स्त्री शुद्धीवर राहते. याने सिझेरियन वाढते, कंबर जन्मभर दुखते, हे समज संशोधनात टिकलेले नाहीत. रक्तदाब उतरणे, पाय जड होणे, मूत्र अडणे हे त्रास मात्र संभवतात. म्हणून भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयातच ते शक्य आहे आणि इच्छा असल्यास प्रसूतीचे ठिकाण सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवावे लागते. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे समभाग मिश्रण स्त्री स्वतः मुखवटा धरून हुंगते. आराम बेताचाच, पण परिणाम लवकर ओसरतो. पेथिडीनसारख्या इंजेक्शनाने गुंगी येते आणि ते प्रसूतीच्या अगदी आधी दिले गेल्यास नवजाताचा श्वास मंदावू शकतो.

आता औषधालयाच्या फळीवरील गोष्ट. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या नित्याच्या वेदनाशामक गोळ्या शेवटच्या तीन महिन्यांत देऊ नयेत. गर्भाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी त्यामुळे अकाली आकुंचन पावू शकते. कळा वाढविण्यासाठी घरी ऑक्सिटोसिन टोचणे हा तर जिवाशी खेळ होय. त्यात गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. दाईने चिठ्ठी पाठविली तरी नकार द्यावा, गिऱ्हाईक तुटले तरी चालेल.

आवी येते व जाते. मध्ये उसंत असते. उसंत न देणारी सलग वेदना, दगडासारखे कठीण पोट, रक्तस्राव, हिरवट गर्भोदक, मंदावलेली हालचाल, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी यांपैकी काहीही आढळल्यास वेदनाशमनाच्या नादी लागू नये. अशा वेळी मी तेलाची वाटी बाजूला ठेवून 108 ला फोन लावतो आणि साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे पाठवितो. सोबत चिठ्ठीत कळा केव्हा सुरू झाल्या, पाणी केव्हा गेले आणि घरी कोणते औषध दिले गेले, एवढे न चुकता लिहितो. शेवटची नोंद नातेवाईक लपवितात. ती खोदून विचारावी लागते.